कोंड्याचा मांडा, कोंबडीचं अंडं



मागच्या खेपेला आपण दह्याच्या विरजणाची गंमत पाहिली होती. त्यावर तुमची बरीच पत्रं आली. कुणी विरजण न लागल्याची तक्रार केली, तर कुणी घरभर दह्याच्या वाट्या मांडून आईची बोलणी खाल्ली! एका पत्रातला प्रश्न मात्र मला फार आवडला. "बाई, हे आंबवणारे जिवाणू फक्त माणसांच्याच उपयोगाचे असतात का? प्राण्यांना त्यांचा काही फायदा होत नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज मी तुम्हाला आमच्या शाळेत नेणार आहे. आणि तिथून थेट एका खुराड्यापाशी!

आमची शाळा नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात. नाशिक म्हटलं की तुम्हाला द्राक्षं आठवतात, कांदे आठवतात. पण आमचा तालुका भाताचा, बरं का! पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस पडतो. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होते आणि मग घोटीच्या गिरण्या घरघरू लागतात. साळ गिरणीत जाते, पांढरा शुभ्र तांदूळ होऊन बाहेर पडतो आणि मागे उरतात दोन गोष्टी.

पहिली म्हणजे तूस. साळीचं सगळ्यात वरचं खरखरीत टरफल. ते जाळायला किंवा वीटभट्टीला उपयोगी पडतं. खाण्याच्या कामाचं नसतं. दुसरी म्हणजे कोंडा. तूस निघाल्यावर तांदळावर जो तांबूस पातळ थर असतो ना, तो पॉलिश करताना निघतो. त्याची मऊसर भुकटी म्हणजे कोंडा. पुष्कळ जण तूस आणि कोंडा एकच समजतात. तुम्ही मात्र हा फरक लक्षात ठेवा, कारण आजची आपली सगळी गोष्ट कोंड्याची आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'कोंड्याचा मांडा करून खाणे'. म्हणजे जे आहे त्यातच गोड मानून घेणे. पण कोंडा खरंच इतका टाकाऊ असतो का? ऐका तर.

कवडीची गोष्ट

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. घरी ती आणि तिची आजी. आजीकडे चार गावरान कोंबड्या. त्यातली एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. तिचं नाव कवडी. अंडी विकून जे पैसे येतात, त्यातून वह्या-पेन्सिली आणि घरातलं किडूकमिडूक सामान येतं.

डिसेंबर महिन्यात ही मुलगी एके दिवशी वर्गात अगदी गप्प बसली होती. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं तेव्हा म्हणाली, "बाई, कवडी मऊ अंडं घालती. हातात घेतलं की फुटतंय. आजी म्हणती, पुढच्या बाजाराला तिला विकून टाकू."

बाजारात विकलेल्या कोंबडीचं पुढे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तिलाही ते चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजीला विचारलं, "आजी, कोंबड्यांना खायला काय घालता?"

"काय घालायचं बाई? गिरणीतला कोंडा, उरलासुरला भात. बाकीचं त्या उकिरड्यावर टिपत्यात."

मी पाहिलं, तर कोरडा कोंडा जमिनीवर पसरलेला. अर्धा वाऱ्याने उडालेला, अर्धा मातीत मिसळलेला. कोंबड्या दोन चोची मारत होत्या आणि निघून जात होत्या. नाकातोंडात भुकटी जायला लागली तर तुम्ही तरी काय कराल?

गोठ्यात शेजाऱ्यांची म्हैस मात्र घमेल्यात तोंड घालून मजेत खात होती. तिच्यापुढे आंबोण होतं. पेंड, चुनी, कोंडा पाण्यात भिजवून ठेवतात आणि दुभत्या जनावराला घालतात, ते आंबोण. मुलीने ते पाहिलं आणि पटकन म्हणाली, "बाई, आपण कवडीला आंबोण करायचं का?"

मुलांनो, खरं सांगते, ही कल्पना माझी नव्हे. चौथीतल्या मुलीची!

कोंड्याने मिळवलेलं नोबेल

आता जरा शंभर-सव्वाशे वर्षांमागे जाऊ या. कोंडा आणि कोंबड्या यांनी मिळून एका डॉक्टरला चक्क नोबेल पारितोषिक मिळवून दिलं होतं!

त्या डॉक्टरचं नाव क्रिस्तियान आइकमान. तो डच होता. जावा बेटावरच्या बटाव्हिया शहरात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो बेरीबेरी नावाच्या रोगाचा शोध घेत होता. त्या रोगात माणसाचे पाय लुळे पडत. हा रोग जंतूंमुळे होतो असं सगळ्यांना वाटत होतं. आइकमानने प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. १८९० च्या सुमारास त्या एकाएकी आजारी पडल्या. लडखडू लागल्या, त्यांना उभं राहता येईना. आणि काही महिन्यांनी एकाएकी बऱ्याही झाल्या!

आइकमान चक्रावला. त्याने चौकशी केली. झालं होतं असं, की कोंबड्यांना सांभाळणारा माणूस लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घालत होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याने लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना द्यायचं नाकारलं. तेव्हा त्यांना पुन्हा साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या टुणटुणीत झाल्या.

म्हणजे रोगाचं औषध कोंड्यात होतं! पुढे शास्त्रज्ञांनी कोंड्यातला तो पदार्थ वेगळा काढला. त्यालाच आपण आज ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक मिळालं. ज्याला आपण गिरणीतला कचरा समजतो, त्यात केवढा खजिना आहे बघा. जीवनसत्त्वं आहेत, तेल आहे, प्रथिनं आहेत आणि फॉस्फरसही आहे.

कुलूप आणि किल्ली

पण एक अडचण आहे. कोंड्यातला बराचसा फॉस्फरस कुलपात बंद असतो. त्या कुलपाचं नाव फायटिक आम्ल. दाण्यातून नवं रोप उगवेल तेव्हा त्याला उपयोगी पडावा म्हणून झाडाने तो असा जपून ठेवलेला असतो. हे आम्ल नुसतं फॉस्फरसला धरून ठेवत नाही, तर कॅल्शियम आणि जस्त यांनाही चिकटून बसतं. कुलूप उघडायला फायटेज नावाची किल्ली, म्हणजे विकर, लागतं. ते कोंबडीच्या पोटात पुरेसं नसतं. म्हणून खजिना पोटात जातो आणि बराचसा विष्ठेतून तसाच बाहेर पडतो.

कोंडा भिजवून आंबवला की काय होतं? ताकातले लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू कोंड्यातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. १८५७ साली लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हे आंबट होणं आपोआप होत नाही. ते सूक्ष्मजीवांचं काम असतं. या आंबट ओल्या कोंड्यात धान्यातलं आणि जिवाणूंमधलं फायटेज कामाला लागतं आणि काही कुलपं उघडतात. तंतू थोडे मऊ होतात. शिवाय आंबटपणामुळे पोट बिघडवणाऱ्या पुष्कळ जंतूंना तिथे राहणं नकोसं होतं. भुकटीचा लगदा झाल्यामुळे कोंबडी तो आवडीने खाते आणि वाऱ्याने उडून जात नाही, हा फायदा वेगळाच.

हा काही नवा शोध नव्हे. डेन्मार्क, नेदरलँड्ससारख्या देशांत डुकरांना आंबवलेलं पातळ खाद्य देतात. आणि आपल्याकडे? तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गाई आहेत त्यांनी मुरघास पाहिला असेल. हिरवा मका बारीक कापून, खड्ड्यात किंवा पिशवीत घट्ट दाबून, हवाबंद करून मुरवतात. तिथेही हेच जिवाणू, हेच लॅक्टिक आम्ल!

माझी चूक

झालं! आम्ही उत्साहाने कामाला लागलो. मुलीने मातीच्या मडक्यात कोंडा घेतला, त्यावर थोडं पाणी आणि थोडं ताक शिंपडलं. मी तिला म्हटलं, "आता तीन दिवस अजिबात हात लावू नकोस."

डिसेंबरची थंडी कशी असते ते नाशिककरांना विचारा. निफाडचा पारा तर दर वर्षी वर्तमानपत्रात छापून येतो. अशा थंडीत आमचं मडकं ओसरीवर बसलेलं. चौथ्या दिवशी मुलगी धावत आली. "बाई, वर हिरवं-हिरवं केसाळ काहीतरी आलंय!"

मी घाईत होते. वह्या तपासायच्या होत्या. मी म्हणून गेले, "वरचं काढून टाक आणि खालचं घाल."

मुलांनो, हे मी अगदी चुकीचं सांगितलं होतं.

रात्री जेवताना मला आठवलं, की बुरशीबद्दल आपण कधीतरी काहीतरी वाचलं आहे. मी आमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, बुरशी आलेलं खाद्य कोंबड्यांना मुळीच देऊ नका. वरचं काढलं तरी तिचे धागे आणि विष आत उतरलेलं असू शकतं." आणि त्यांनी मला १९६० सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' असं नाव दिलं. शेवटी दोष सापडला शेंगदाण्याच्या पेंडीत. पेंडीला एक बुरशी लागली होती आणि तिने विष तयार केलं होतं. त्या विषाला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही पुरतं जात नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर कवडी येत होती. ज्या कोंबडीला वाचवायला निघालो, तिलाच आपण विष घातलं की काय? सकाळी उजाडताच मी तिच्या घरी गेले.

आजी अंगण झाडत होती. मी धापा टाकत विचारलं, "आजी, ते मडक्यातलं... कोंबड्यांना घातलं का?"

आजी हसली. "नाय बाई. पोरगी घालाया निघाली व्हती, पर म्याच उकिरड्यात पुरून टाकलं. ज्याच्या वासानं मलाच कसंतरी झालं, ते मुक्या जिवाला कशाला घालू?"

मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. डी.एड. झालेल्या बाईंपेक्षा आजीचं नाक हुशार निघालं! त्या दिवशी वर्गात मी सगळ्या मुलांसमोर सांगितलं, "काल मी चुकीचं सांगितलं. का चुकलं, ते आता आपण शोधून काढू."

आंबणे वेगळे, बुरसणे वेगळे

मग आम्ही फळ्यावर कारणं लिहिली. पाणी कमी पडलं होतं, त्यामुळे वरचा कोंडा नुसता दमट राहिला. बुरशीला हवा आणि ओल दोन्ही लागतात. ती तिला आयतीच मिळाली. ढवळायचं नाही असं मीच सांगितलं होतं. आणि थंडीमुळे ताकातले जिवाणू आळसावले. त्यांनी आंबटपणा तयार करण्याआधीच बुरशीने घर केलं. शिवाय मडकं नीट धुतलेलं नव्हतं आणि कोंडाही महिनाभराचा जुना होता. कोंड्यात तेल असतं, म्हणून तो लवकर खवट होतो. ताजाच घ्यायला हवा.

दुसऱ्या खेपेला आम्ही असं केलं. तुम्हालाही करायचं असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घ्या.

१. काचेची बरणी, चिनी मातीचं किंवा मातीचं भांडं गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. आंबट पदार्थ धातूला खातो.

२. दोन वाट्या ताजा कोंडा आणि एक वाटी भरडलेला मका घ्या. वास घेऊन पाहा. खवट किंवा कुबट वास आला तर तो कोंडा घेऊच नका.

३. सगळं बुडून वर दोन बोटं पाणी राहील इतकं पाणी घाला. त्यात दोन चमचे ताजं ताक घाला. मीठ घालू नका.

४. वर स्वच्छ फडकं बांधा. झाकण घट्ट लावू नका. आंबताना वायू तयार होतो. त्याला वाट मिळाली नाही तर बरणी फुटू शकते.

५. सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पळीने तळापासून ढवळा. कोंडा पाण्यावर आला तर पुन्हा बुडवा. थंडीत भांडं चुलीजवळच्या उबेला ठेवा.

६. उन्हाळ्यात दीड-दोन दिवस, थंडीत तीन-चार दिवस लागतात. बुडबुडे दिसले आणि इडलीच्या पिठासारखा आंबूस वास आला की झालं. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, सडका वास आला, तर सगळंच्या सगळं मातीत पुरा. 'वरचं काढू' असं म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं, तुम्ही म्हणू नका!

७. पाणी निथळून रोज थोडंसंच द्या. तासाभरात संपेल एवढंच. उरलं तर उचलून भांडं धुऊन ठेवा.

आंबट झालं की नाही ते पाहायला वर्गाने एक युक्ती केली. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या. पाणी जांभळट झालं. एका वाटीत साधं पाणी आणि दुसऱ्या वाटीत भांड्यातलं वरचं पाणी घेऊन दोन्हींत ते थेंब-थेंब घातलं. आंबट पाण्यात रंग लालगुलाबी झाला. मुलांनी टाळ्याच वाजवल्या! लिंबू पिळून पाहिलं तर तिथेही तोच रंग. साबणाच्या पाण्यात काय होतं? ते मी सांगणार नाही. तुम्ही करून पाहा.

मग अंड्याचं कवच?

आता खरा प्रश्न. आंबोण खाऊन कवडीच्या अंड्याचं कवच टणक होईल का? डॉक्टरांनी आम्हाला आधीच सावध केलं होतं. "नुसत्या कोंड्याने होणार नाही," ते म्हणाले होते.

हिशेब करून बघा. अंड्याचं कवच साधारण पाच-सहा ग्रॅमचं. ते जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूच्या जातीच्या पदार्थाचं असतं. त्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. एक अंडं तयार व्हायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि त्यातले सुमारे वीस तास कवचावरच जातात. बरंचसं काम रात्री चालतं. आपण झोपलेलो असताना कोंबडी भिंत बांधत असते म्हणा ना! आता चुना-विटा नसतील तर गवंडी काय करणार? कोंड्यात कॅल्शियम अगदी कमी. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच करते. तेही पुरेनासं झालं की अंडं मऊ पडतं.

म्हणून आम्ही दुसरी गोष्ट केली. शाळेजवळच्या घरांतून अंड्यांची कवचं गोळा केली, धुतली, तव्यावर खरपूस भाजली आणि बारीक कुटली. भाजायचं ते रोगजंतू मरावेत म्हणून; आणि कुटायचं ते कोंबडीला अंडं ओळखू येऊ नये म्हणून! नाहीतर तिला स्वतःचीच अंडी फोडून खायची खोड लागते. ही भरड वेगळ्या वाटीत, दुपारनंतर ठेवायची. कोंबडी हवं तेवढं आपणहून टिपते. बाजारात शिंपल्यांचा चुरा मिळतो, तोही चालतो.

आजीने कवडीला आणखी तीन आठवड्यांची सवलत दिली. मुलीने वहीत रकाने आखले: तारीख, अंडी किती, कवच कसं, आंबोण उरलं की संपलं.

पहिल्या आठवड्यात पुन्हा एक मऊ अंडं आलं. मुलगी हिरमुसली. दुसऱ्या आठवड्यात कवडीने दोनच अंडी घातली, पण दोन्ही टणक! संक्रांतीला मुलगी तिळगुळाबरोबर एक अंडंही घेऊन आली. माझ्या टेबलावर ठकठक वाजवून म्हणाली, "बाई, ऐका!" जानेवारी संपेपर्यंत चारही कोंबड्या आधीपेक्षा जास्त अंडी देऊ लागल्या होत्या.

आता खरी परीक्षा

मी वर्गाला विचारलं, "अंडी कशामुळे वाढली?" सगळे ओरडले, "आंबोणामुळे!"

थांबा. इतकी घाई करू नका. तुम्हीही क्षणभर वाचन थांबवा आणि विचार करा.

आपण आंबोण दिलं, पण त्याचबरोबर कवचाची भरडही दिली. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. मग श्रेय कुणाला द्यायचं? कवच टणक झालं ते बहुतेक भरडीमुळे. पूर्वी कोंबड्या नुसता कोंडा खात, आता त्यात मका आला. म्हणजे तिसरी गोष्ट बदलली. आणि चौथी? एका मुलाने बरोबर ओळखलं. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो. कोंबडीच्या शरीराला उजेडाचा इशारा कळतो. दिवस लहान होत गेले की ती अंडी कमी देते, मोठे होऊ लागले की जास्त. म्हणजे काही श्रेय सूर्यालाही द्यायला हवं!

आंबोणाबद्दल आम्ही खात्रीने एवढंच म्हणू शकलो: कोंडा वाया जायचा थांबला, कोंबड्या तो आवडीने खाऊ लागल्या आणि कुणी आजारी पडलं नाही. बाकीचं शोधायचं असेल तर दोन कोंबड्यांना आंबवलेला आणि दोघींना तेवढाच नुसता भिजवलेला कोंडा, बाकी सगळं सारखं, असा प्रयोग करायला हवा. आणि चारच कोंबड्यांवरून निकाल लावता येत नाही; पुष्कळ कोंबड्या आणि पुष्कळ दिवस हवेत. विज्ञान म्हणजे हेच. 'वाटतं' आणि 'आहे' यांत फरक करायला शिकणं.

द्राक्षांचा चोथा

दिंडोरी-निफाडकडच्या मुलांचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. "बाई, आमच्याकडे कोंडा नाही. पण द्राक्षांचा चोथा ढिगाने असतो, तो चालेल का?"

२००० सालापासून नाशिकच्या परिसरात द्राक्षांची वाइन करणारे कारखाने वाढत गेले. द्राक्षं पिळल्यावर साली आणि बिया मागे राहतात. गंमत म्हणजे लाल वाइन करताना साली रसातच ठेवून आंबवतात, त्यामुळे तो चोथा आधीच आंबलेला असतो. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढतात, म्हणून तिचा चोथा न आंबलेला असतो. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी असा चोथा वाळवून, दळून, थोड्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात घालून पाहिला आहे. त्यात चांगले घटक आहेत. पण टॅनिन नावाचा तुरट पदार्थही आहे. तो प्रथिनांना धरून ठेवतो आणि जास्त झाला तर अंगाला लागू देत नाही. शिवाय ताज्या चोथ्यात मद्यार्क उरलेला असतो, सालींवर फवारणीचा अंश असू शकतो. म्हणून तो घरी आणून कोंबड्यांपुढे टाकायचा नाही. त्याचं उत्तम खत होतं. आणि हो, कुत्रा पाळला असेल तर द्राक्षं, मनुका, चोथा त्याच्यापासून दूर ठेवा. कुत्र्याला ते विषासारखे ठरू शकतात.

लासलगावच्या मुलांनो, कांद्याची सालंही ढिगाने घालू नका. ती कोंबड्यांना मानवत नाहीत आणि अंड्याला वास येतो. सरकीची पेंड म्हशीला चालते, कोंबडीला नको. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या पदार्थामुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. हिरवे पडलेले बटाटे आणि टोमॅटोचा पालाही नको. कोथिंबिरीच्या काड्या, मेथीचा-पालकाचा निवडून उरलेला पाला मात्र खुशाल द्या. त्याने बलक छान पिवळा होतो.

पालकांसाठी दोन शब्द

कोंबडीपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. एकूण खर्चाच्या सुमारे साठ ते सत्तर टक्के. म्हणून घरच्या टाकाऊतून खाद्य करायचा मोह होतो. तो चुकीचा नाही. पण आंबवलेला कोंडा ही जोड आहे, पूर्ण जेवण नव्हे. दिवसाच्या खाद्याच्या चौथ्या हिश्शाच्या आतच तो ठेवावा. अंडी देणाऱ्या कोंबडीला सोळा-सतरा टक्के प्रथिनं असलेलं खाद्य लागतं. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, किडेमुंग्या टिपून पुष्कळसं भागवते. तीनशे अंडी देणाऱ्या सुधारित जातीची गोष्ट निराळी. तिला संतुलित खाद्यच हवं. मुलांना खुराड्याचं काम झाल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा केवढं नुकसान झालं ते आपल्याला आठवत असेल.

जाता जाता

कवडी अजून आहे. तुम्हाला हेच हवं होतं ना? परवाच मी तिच्या अंगणात गेले होते. माझ्या पायाशी येऊन तिने चपलेवर एक चोच मारली. आजी म्हणाली, "बाई, आता हिला बाजार न्हाय दाखवायची. पोरगी मलाच विकंल!"

आणि ओसरीवर ते मडकं आहे. त्यावर मुलीने कोळशाने लिहिलं आहे: 'ढवळले का?' त्याखाली, जरा लहान अक्षरात: 'वास घेतला का?'

दुसरी ओळ आजीच्या सांगण्यावरून लिहिली आहे, हे वेगळं सांगायला नकोच.

तुमच्यासाठी या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या घरात, गिरणीत किंवा मंडईत रोज काय काय उरतं, त्याची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा की ते आता कुठे जातं आणि कुठे जाऊ शकेल. आणि घरातल्या आजीला, आजोबांना विचारा की त्यांच्या लहानपणी काय काय आंबवत असत. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. मला पत्राने कळवा. चांगल्या पत्रांतली माहिती आपण याच पानावर वाचू.

तोपर्यंत, ढवळत राहा आणि वास घ्यायला विसरू नका!

तुमच्या,
बाई